नागपूरपर्यंत पुरेल अशी पॉलिसी

वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) खाणीत कायम नोकरी असली तर उपचारांची सोय कंपनी करते. कारखान्यात 21 हजारांपर्यंत पगार असला तर राज्य कामगार विमा असतो. मोहर्लीत जिप्सी चालवणारा, बल्लारपुरात गॅरेज टाकलेला किंवा आरमोरीत शिलाईवर घर चालवणारी, यांची सोय मात्र ज्याची त्यालाच करावी लागते.

एजंटला फोन लावण्याआधी रेशनकार्ड शोधा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 मध्ये जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. आता पांढरं कार्डही चालतं. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं आणि हप्ता शून्य. मात्र रुग्णालय योजनेतलं हवं, उपचारही यादीतला हवा. दोन्हींची खात्री 155388 वर करता येते. घरात सत्तरीचे आईवडील असतील तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही.

विकतची पॉलिसी घ्यायची ती यादीबाहेरच्या आजारासाठी आणि योजनेत नसलेल्या दवाखान्यासाठी. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला आहे. पूर्वी 20 हजारांच्या हप्त्याला 23,600 मोजावे लागत.

आपल्याकडे मोठं दुखणं म्हणजे शेवटी नागपूर किंवा वर्ध्याजवळचं सावंगी, म्हणून पॉलिसी त्या रस्त्यावर तपासा. काही कंपन्या पत्त्यानुसार झोन ठरवतात. चंद्रपूरच्या पत्त्यावर हप्ता कमी लागतो, पण वरच्या झोनमधल्या शहरात उपचार घेतले की बिलाचा ठरावीक हिस्सा तुमच्या माथी. नागपूर कोणत्या झोनमध्ये येतं, ते लेखी विचारा. रुग्णवाहिकेची मर्यादाही बघा. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत ती एका भरतीला 2 हजार रुपये आहे. भामरागडहून निघालेल्या खासगी गाडीला ते कुठे पुरणार? 108 ची गाडी फुकट असते, आधी तीच बोलवा.

खोलीभाड्याचं कलम सगळ्यात जास्त चटका देतं. संजीवनीत 3 लाखांच्या विम्यावर खोलीला दिवसाला 5 हजार मिळतात. तुम्ही 8 हजारांची खोली घेतली, तर कंपनी फक्त भाड्याचा फरक कापून थांबत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रिया असा भाड्याशी जोडलेला खर्च 1,60,000 झाला असेल, तर पाच-अष्टमांश म्हणजे 1 लाखच धरला जातो. त्यातूनही 5 टक्के वाटा (को-पे) तुमचा, हातात 95 हजार. खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी मी तीच घेईन.

अर्जात सिकलसेल, साखर, बीपी काहीही लपवू नका. एजंट म्हणेल, ‘लिहू नका, हप्ता वाढेल.’ पण सांगितलेल्या आधीच्या आजारासाठी थांबावं लागतं ते जास्तीत जास्त तीन वर्षं. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की माहिती लपवल्याचं कारण काढून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. पहिले 30 दिवस मात्र अपघात सोडून काहीच मिळत नाही. त्यामुळे गडचिरोलीत हिवतापाचा हंगाम सुरू झाल्यावर पॉलिसी घेऊ म्हणाल, तर उशीर झालेला असेल.

हप्त्याची तारीख कमाईच्या महिन्यात पाडून घ्या. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांकडून आरोग्य विम्याचा वाटा सुगीत ज्वारीच्या रूपात घेतला होता. त्यांना हे कळलं होतं. ताडोबाचा गाभा पावसाळ्यात बंद असतो, तेव्हा जिप्सीवाल्याने नूतनीकरण ऑगस्टमध्ये ठेवू नये. मासिक हप्ता चुकला तर सवलत 15 दिवसांचीच असते.

सोबत बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या: वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख, वय 18 ते 70. साप चावणं, झाडावरून पडणं हेही यात बसतं, पण दवाखान्याचा कागद लागतो. पैसे मे अखेरीस खात्यातून कापले जातात. तेंदूच्या हंगामात तेवढी शिल्लक ठेवा.