कपाटातला संगणक आणि न लिहिलेली वही : मुक्त सॉफ्टवेअरच्या सूचना लिहिण्याचा एक पाठ



शाळेत संगणक येतो. एखादे सर किंवा मॅडम हौसेने शिकतात, मुलांनाही शिकवतात. मग बदली होते. नवीन गुरुजींच्या हातात कपाटाची किल्ली पडते, पण कोणता प्रोग्रॅम कशासाठी घेतला होता, मुलांची चित्रं कुठे साठवली आहेत, मराठी टायपिंग कसं चालू करायचं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. थोड्याच दिवसांत संगणकावर कापड चढतं. जिल्हा परिषदेच्या शाळांत काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. यंत्र बिघडलेलं नसतं, माहिती तेवढी माणसाबरोबर निघून गेलेली असते.

आजचा पाठ त्या माहितीचा आहे. इंग्रजीत तिला डॉक्युमेंटेशन म्हणतात. आपण साधं 'सूचना-लेखन' म्हणू.

लिबरऑफिस, टक्स पेंट, जीकॉम्प्रिस ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. ती फुकट मिळतात, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि कुणीही त्यात भर घालू शकतं. भर म्हणजे प्रोग्रॅमिंगच, असा आपला समज. प्रत्यक्षात उणीव दुसरीकडेच आहे. गिटहब या संकेतस्थळाने 2017 साली मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांची पाहणी केली. अपुऱ्या किंवा जुन्या झालेल्या माहितीचा त्रास 93 टक्के लोकांनी सांगितला, आणि त्याच पाहणीत 60 टक्के लोक म्हणाले की आम्ही सूचना लिहिण्याचं काम क्वचितच करतो किंवा करतच नाही. लिहिण्याचं काम पडून आहे, आणि लिहिणं-समजावणं हा तर आपला रोजचा धंदा!

आमच्या कासूपासून जवळच पेण. तिथल्या गणपतीच्या कारखान्यात नवा पोरगा शाडू कसा मळायचा, साच्यात कसा दाबायचा, डोळे कधी आखायचे हे कारागिराशेजारी बसून शिकतो. त्याला पुस्तक लागत नाही. सॉफ्टवेअरचा कारागीर मात्र कुठल्यातरी दूर देशात बसलेला असतो. त्याच्या शेजारी आपली मुलं बसू शकत नाहीत, म्हणून कागद लागतो.

आपल्या रायगड जिल्ह्यातच याचं एक उदाहरण आहे. 2007 साली कर्जत तालुक्यातल्या खैराट इथल्या एकशिक्षकी शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. भारतातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. मुलं वीस-बावीस, पहिली ते चौथी एकाच खोलीत. लॅपटॉपवर 'शुगर' हे मुक्त सॉफ्टवेअर होतं. मला यातली महत्त्वाची गोष्ट लॅपटॉप वाटत नाही. तिथं काय घडतं आहे याची टिपणं प्रकल्पाच्या विकीवर ठेवली गेली, म्हणून आज इतक्या वर्षांनी आपण खैराटबद्दल बोलू शकतो. किती शाळांत असे प्रयोग झाले आणि लिहून न ठेवल्यामुळे विरून गेले असतील!

दुसरं उदाहरण आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचं. लिबरऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे तिथे तयार होतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचं ध्वनिमुद्रण होतं. धड्याची संहिता दोन रकान्यांत लिहितात : एकीकडे पडद्यावर काय दिसेल, दुसरीकडे काय बोलायचं. आपल्या पाठ-टाचणासारखंच की! संहिता तयार झाली की विषय अजिबात माहीत नसलेल्या माणसाला ती देतात आणि त्याला जमतं का ते पाहतात. ही नवख्याची चाचणी आपण वर्गात उचलावी अशी आहे.

सहावी-सातवीच्या वर्गात हा पाठ असा घेता येईल. विषय द्या : 'टक्स पेंटमध्ये काढलेलं चित्र साठवणे व पुन्हा उघडणे.' एक मूल सूचना लिहील, दुसरं फक्त वाचून तसंच करील, लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. गंमत इथे सुरू होते. 'चित्र सेव्ह कर' एवढंच लिहिलं की वाचणारं मूल नाव कुठे टाकायचं ते शोधत बसतं. टक्स पेंट फाइलचं नाव विचारतच नाही! जुनं चित्र उघडून बदललं आणि साठवायला गेलं, तर मात्र ते विचारतं की जुन्यावरच साठवू की नवीन करू. इथे चुकीचं बटण दाबलं तर कालचं चित्र गेलं. हे वाक्य सूचनेत हवंच, आणि ते बटण दाबायच्या आधी हवं, नंतर नव्हे. ज्याचं चित्र एकदा गेलं आहे ते मूल हे वाक्य सगळ्यात चांगलं लिहितं.

भाषेचा प्रश्न येतोच. 'जतन करा' की 'सेव्ह करा'? माझं मत असं की पडद्यावर जो शब्द दिसतो तोच सूचनेत लिहावा. पडद्यावर 'सेव्ह' आणि कागदावर 'जतन' असेल तर मूल दोन्हीकडे हरवतं. पडद्यावरचा शब्दच बदलायचा असेल तर तीही सोय आहे. लिबरऑफिसचं भाषांतर स्वयंसेवक वेबलेट नावाच्या साधनावर करतात. तिथे मराठीची खरी परीक्षा होते : इंग्रजी क्रियापद एकच राहतं, आपल्याकडे 'एक फाइल जतन केली' आणि 'पाच फाइली जतन केल्या'. वाक्यात मधेच टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर दिसलं तर ते पुसू नका, आकडा तिथेच येणार असतो. जागा मात्र मराठी वाक्याप्रमाणे हलवता येते.

सगळं युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या कितीतरी चांगल्या टिपणांच्या फायली आज उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

मूळ प्रकल्पात भर घालायची तर पहिल्यांदा छोटं काम घ्या. सूचनेतलं एखादं बटण नव्या आवृत्तीत दिसत नाही? तेवढंच कळवा. कोणती आवृत्ती, काय केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, इतकं पुरतं. गिटहबवर असलेल्या प्रकल्पात पानावरच्या पेन्सिलच्या खुणेवर क्लिक करून दुरुस्ती सुचवता येते. प्रकल्पातली माणसं ती तपासतात आणि मगच घेतात, त्यामुळे आपल्या हातून सॉफ्टवेअर मोडण्याची भीती नाही. पाठ्यपुस्तकाच्या पानांचे फोटो त्यात घालू नका, त्यांचे हक्क वेगळे असतात. मुलांची पूर्ण नावं आणि चेहरेही नकोत.

पालकांसाठी एक काम. मुलाने घरी लिहून आणलेल्या सूचना तुम्ही स्वतः वाचून करून पाहा. संगणक घरी नसेल तर मोबाइलवरच्या एखाद्या ॲपच्या सूचना लिहायला सांगा. आजीला करायला दिलंत तर फारच उत्तम. ती जिथे थांबून 'आता काय?' विचारील, तिथे मुलाने पेन्सिलने खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी वही वर्गात आणायची.