हातच्या कामाची शोभा

शास्त्रपाठ : निर्गम 35:20-35, प्रेषितांची कृत्ये 9:36-42



पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे चाकणपर्यंत मोटारींचे कारखाने उभे राहिले. ह्याच यंत्रांच्या मुलखात पिंपरी-चिंचवड महानगरपालिका स्त्रियांच्या बचत गटांकरिता पवनाथडी जत्रा भरवीत आली आहे. अशा जत्रांतून व प्रदर्शनांतून हातच्या वस्तू पाहताना आपण काय शिकावे?

1. साध्या वस्तूतील शोभा. सूप पाहा. बुरूड बांबूच्या पातळ कामट्यांनी ते विणतो. त्याची मागची बाजू उंच व पुढची मोकळी असते, म्हणून पाखडताना दाणे आत राहतात व फोल उडून जाते. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने एकत्र धरलेले असतात. त्या टाक्यांच्या ओळींनीच तिला शोभा येते. जे काम मन लावून उपयोगाकरिता केले, त्यात सौंदर्य आपोआप आले.

2. शास्त्राची साक्ष. देवाने बसालेलास आपल्या आत्म्याने भरले ते उपदेशाकरिता नव्हे, तर धातू, लाकूड व वस्त्रे ह्यांच्या कारागिरीकरिता. त्याच अध्यायात स्त्रियांनी आपल्या हातांनी सूत कातल्याचे लिहिले आहे. दुर्कस मेली तेव्हा विधवांनी पेत्रास तिने शिवलेली वस्त्रे दाखविली. आपला प्रभुही सुतार होता.

3. आपला धडा. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील दोर वळीत व शिंदीच्या केरसुण्या बांधीत. दिवाळीत लोक त्या केरसुणीस लक्ष्मी म्हणून पूजीत, परंतु ती बांधणाऱ्यास उंबऱ्याबाहेर उभे करीत. त्या अपमानाची आठवण म्हणून आज कारखान्यात जाणारा मुलगा आईच्या कामाची लाज धरतो. बाळा, लाज अन्यायाची असावी, कामाची नव्हे! तू दुसरे काम पत्करिलेस ह्यात दोष नाही. जातीच्या धंद्यास देवाने कोणास बांधिले नाही. परंतु ज्या हातांनी तुला वाढविले, त्यांस तुच्छ मानू नकोस. आणि दुकानातील मालाची किंमत मुकाट्याने देणाऱ्याने टोपलीवाल्या म्हातारीशी दोन रुपयांकरिता घासाघीस करू नये.

बोधकांनी विचारावयाचे प्रश्न :
(1) विधवांनी पेत्रास वस्त्रेच का दाखविली?
(2) तुमच्या घरात हाताने केलेली कोणती वस्तू आहे? ती कोणी केली?
(3) त्या मनुष्याचा मान आपण कसा राखाल?