ध्वनिपट्टी बदलण्याची दोन कामे

गाण्याच्या व्हिडिओतील मूळ ध्वनी काढून त्याजागी स्टुडिओत तयार झालेला ध्वनी बसवणे हे वरकरणी एकच काम दिसत असले, तरी प्रत्यक्षात ती दोन निरनिराळी कामे आहेत, आणि सॉफ्टवेअर निवडताना होणारी बहुतेक फसगत हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे होते. पहिल्या कामात चित्राचे संकलन पुरे झालेले असते, गाण्याची लांबी ठरलेली असते आणि केवळ जुन्या मिश्रणाच्या जागी नवे मिश्रण घालावयाचे असते. याला अदलाबदल म्हणता येईल. दुसऱ्या कामात चित्रीकरणाचे सुटे तुकडे हाती असतात, प्रत्येक तुकड्यावर कॅमेऱ्याच्या माइकने टिपलेला गोंगाटासकटचा ध्वनी असतो, आणि प्रत्येक तुकडा मास्टरवर, म्हणजे स्टुडिओतील अंतिम ध्वनिमुद्रणावर, नेमक्या क्षणी बसवावयाचा असतो; ही जुळणी होय. अदलाबदलीसाठी मोठे संकलन-सॉफ्टवेअर घेणारा माणूस विनाकारण चित्र खराब करून घेतो, तर जुळणीसाठी साधे अदलाबदलीचे साधन घेणारा रात्रभर मिलिसेकंद मोजत बसतो.

कोल्हापूर परिसराला चित्र आणि ध्वनी यांच्या या नात्याची ओळख जुनी आहे. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात असताना १९३२ साली पडद्यावर आलेल्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गाऊन काम केले. त्यामुळे चित्र आणि स्वर एकाच क्षणाचे होते आणि जुळणीचा प्रश्न नटाच्या ओठांपुरता तरी उद्भवत नव्हता. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘भाग्यचक्र’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘धूप छाँव’ यांत पार्श्वगायनाची पद्धत आणली, आणि तेव्हापासून गाणे आधी मुद्रित करावयाचे व ते वाजवून त्यावर चित्रीकरण करावयाचे, ही रीत रूढ झाली. याच परिसरातील कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीवर बेतलेल्या ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटातील लावण्याही याच रीतीने पडद्यावर आल्या. आज कागलमध्ये एखाद्या भक्तिगीताचे किंवा लोकगीताचे चित्रीकरण उसाच्या फडात किंवा गैबी पीराच्या उरुसात होते, तेव्हा साधने मोबाइल आणि ब्लूटूथ स्पीकरपर्यंत आलेली असली तरी रीत तीच असते.

अदलाबदलीचे तंत्र समजण्यासाठी व्हिडिओच्या फाइलची रचना थोडी उलगडून पाहणे आवश्यक आहे. एमपी४ किंवा एमकेव्ही हे चित्राचे प्रकार नसून पेट्या आहेत. पेटीच्या आत चित्राची पट्टी वेगळी आणि ध्वनीची पट्टी वेगळी ठेवलेली असते, व दोन्ही आपापल्या कोडेकने, म्हणजे माहिती दाबून लहान करण्याच्या पद्धतीने, दाबलेल्या असतात. चित्रासाठी बहुधा एच.२६४ आणि ध्वनीसाठी एएसी ही पद्धत आढळते. ध्वनी बदलताना चित्राच्या पट्टीला हात लावण्याचे काहीच कारण नसते, कारण ती जशीच्या तशी नव्या पेटीत ठेवता येते. तथापि अनेक सॉफ्टवेअर, विशेषतः इनशॉट आणि काइनमास्टर यांसारखी मोबाइलवरील, चित्र उलगडून पुन्हा दाबतात. प्रत्येक वेळी काही तपशील गळतो, गालांवरचे आणि आकाशातले रंगांचे सूक्ष्म फरक पट्ट्यापट्ट्यांनी दिसू लागतात, आणि त्यानंतर यूट्यूब आपल्या परीने आणखी एकदा दाबते, ते वेगळेच.

चित्राला हात न लावणारी साधने बहुतांशी मोफत आहेत. एफएफएमपेगमध्ये बटणे नसून आज्ञा टाइप करावी लागते, पण चित्र पहिल्या फाइलमधून घ्यावे, ध्वनी दुसरीतून घ्यावा आणि चित्राची केवळ नक्कल करावी, एवढे एका ओळीत सांगता येते. ज्यांना आज्ञा लिहिणे नको वाटते त्यांच्यासाठी एव्हिडेमक्स आहे. त्यात चित्राच्या खान्यात ‘कॉपी’ निवडून बाहेरची ध्वनिफाइल जोडता येते आणि ध्वनी काही मिलिसेकंद मागेपुढे सरकवता येतो. एमकेव्हीटूलनिक्सही हेच करते, मात्र त्याची पेटी एमकेव्हीच असते, आणि गाणे मोबाइलवरच पाहिले जाणार असेल तर तेथे एमपी४ अधिक सोयीची पडते. एखादे साधन खरोखर नक्कल करते की गुपचूप पुन्हा दाबते, हे ओळखण्यासाठी त्याची जाहिरात वाचण्यापेक्षा घड्याळाकडे पाहावे: चार मिनिटांच्या गाण्याची अदलाबदल काही सेकंदांत उरकली तर नक्कल झाली, आणि टक्केवारीची पट्टी सावकाश सरकत राहिली तर चित्र नव्याने दाबले जात आहे.

नवा ध्वनी स्टुडिओकडून डब्ल्यूएव्ही स्वरूपात मागावा, एमपी३ मध्ये नव्हे. एमपी३ घडताना आरंभी थोडी शांतता आपोआप जोडली जाते आणि ती एका फ्रेमपेक्षा कमी असली तरी ढोलकीच्या पहिल्या थापेला जाणवू शकते. शिवाय एकदा दाबलेला ध्वनी पेटीत घालताना एएसीमध्ये पुन्हा दाबला जातो. चार मिनिटांचे ४८ किलोहर्ट्झचे २४ बिट गाणे सुमारे ६९ एमबीचे होते, आणि व्हॉट्सअॅपवरून ते ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

किलोहर्ट्झचा हा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही. सीडीसाठी ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, तर व्हिडिओच्या व्यवहारात ४८,००० नमुने ही रूढी आहे. चांगले सॉफ्टवेअर एकाचे दुसऱ्यात रूपांतर करते, परंतु जेथे रूपांतर न होता ४४,१०० चा ध्वनी ४८,००० समजून वाजवला जातो, तेथे चार मिनिटांचे गाणे सुमारे साडेएकोणीस सेकंदांनी आखूड होते आणि पांढरी एकमधला गायक काळी एक ओलांडून पांढरी दोनच्या दिशेने जातो. कान तयार असलेल्या पेटीवादकाला ही चूक तत्काळ कळते. संकलकाला ती अनेकदा गाणे प्रसिद्ध झाल्यावर, तीही श्रोत्यांच्या चेष्टेतून कळते.

जुळणीचे काम अधिक नाजूक आहे आणि तेथे टाइमलाइन असलेले, म्हणजे तुकडे एकाखाली एक मांडून सरकवता येणारे, संकलन-सॉफ्टवेअर अपरिहार्य ठरते. केडीएनलाइव्ह मोफत आहे, दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या कामाला पुरेशी आहे, आणि लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे एडियस किंवा प्रीमियर आधीपासून असते. यांपैकी कोणते निवडावे यापेक्षा, कॅमेऱ्याच्या ध्वनीच्या लहरी आणि मास्टरच्या लहरी ताडून तुकडा आपोआप जागेवर बसवण्याची सोय त्यात आहे काय, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे; ती सोय असेल तर कॅमेऱ्याचा गोंगाटी ध्वनी निरुपयोगी न ठरता जुळणीचा आधार बनतो, आणि म्हणूनच चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्याचा माइक बंद ठेवू नये.

या स्वयंचलित जुळणीवरही डोळे झाकून विसंबता येत नाही, कारण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो. स्पीकर कॅमेऱ्यापाशी ठेवला आणि लेझीम खेळणारी मुले २० मीटरवर असली, तर त्यांना ठेका सुमारे ६० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो व ती तितकीच उशिरा पाऊल टाकतात. कॅमेऱ्याचा माइक मात्र ठेका वेळेवर टिपतो. लहरी अचूक जुळवूनही मग ध्वनी चित्राच्या पुढे धावतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ध्वनी ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी प्रेक्षकाला खटकू लागते, उलट १२५ मिलिसेकंद मागे राहीपर्यंत ते सहसा लक्षात येत नाही. निसर्गात ध्वनी नेहमी दृश्यानंतरच पोहोचत असल्याने कानाला उशिराची सवय असते. म्हणून स्पीकर नर्तकांजवळ ठेवणे हा सॉफ्टवेअरबाहेरचाच, पण सर्वांत स्वस्त उपाय आहे. ब्लूटूथ स्पीकर मोबाइलपेक्षा उशिरा वाजतो ही भीती मात्र येथे निराधार आहे, कारण नर्तक आणि कॅमेऱ्याचा माइक दोघेही तो उशिराचा ध्वनीच ऐकत असतात. लावणीत तर ओठांपेक्षा पायांकडे पाहून जुळणी तपासावी. गायिकेचे ओठ अर्धी फ्रेम चुकले तर कोणी बोलत नाही, घुंगरू चुकले की फड जाणणारा प्रेक्षक लगेच नाक मुरडतो.

आरंभी जुळलेले गाणे शेवटी सुटत असेल, तर दोष जुळणीत नसून गतीत असतो. सेकंदाला २३.९७६ फ्रेम या वेगाने टिपलेले चित्र २४ समजून वाजवले की चार मिनिटांच्या अखेरीस पाव सेकंदाच्या जवळपास फरक पडतो. मोबाइल तर मंद प्रकाशात फ्रेमचा वेग स्वतःच बदलत राहतो. असे चित्र संकलनाला घेण्याआधी हँडब्रेकसारख्या साधनाने स्थिर वेगाचे करून घ्यावे लागते, आणि चित्र पुन्हा दाबण्याचा हा एक प्रसंग क्षम्य मानावा.

कर्नाटकच्या सीमेपलीकडे निपाणीच्या बाजूला त्याच चित्रावर कन्नड गाणे द्यावयाचे असल्यास एका फाइलमध्ये दोन ध्वनिपट्ट्या ठेवण्याचा मोह टाळून दोन स्वतंत्र फाइली कराव्यात, कारण दुसरी पट्टी निवडण्याची सोय सामान्य प्रेक्षकाच्या मोबाइलवर हाताशी नसते. ओठांचे जवळचे दृश्य त्या आवृत्तीतून वगळावे लागेल, हे उघडच आहे. कोणाचे प्रसिद्ध चित्रपटगीत आपल्या चित्रावर चढवणे ही तांत्रिक बाब नाही: १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत, आणि यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा ध्वनी स्वतःच ओळखते. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. मोफत साधने इतकी चांगली असताना व्हायरस फुकट घेण्यात शहाणपण नाही.

तयार फाइल तपासताना ब्लूटूथ इअरफोन वापरू नयेत, कारण येथे त्यांचा उशीर खरोखरच बाधतो आणि निर्दोष जुळणीही चुकलेली भासून संकलक ती हाताने बिघडवतो. वायरचा इअरफोन लावून गाण्याचा आरंभ, मध्य आणि शेवट पाहावा, आणि मूळ कॅमेऱ्याचा ध्वनी असलेले तुकडे गाणे प्रसिद्ध झाल्यानंतरही पुसू नयेत. गायकाने महिन्याभराने नवे मिश्रण आणून दिले, तर लांबी तीच असल्यास अदलाबदलीने भागते, पण त्याने मध्येच एक आलाप वाढवला असेल तर जुळणी त्या तुकड्यांवरूनच पुन्हा करावी लागते.