'खट्टा मीठा' : दोन घरांचे एक घर



मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या युवक मंडळाने चर्चच्या सभागृहात 'खट्टा मीठा' हा जुना हिंदी चित्रपट दाखवला. मध्ये एकदा वीज गेली, बाहेर कात्रज चौकाकडच्या गाड्यांचे हॉर्न चालूच होते, तरी लोक पोट धरून हसले. शेवटी खुर्च्या उचलून ठेवताना एका भगिनीने आम्हाला विचारले, "फादर, सिनेमात सगळं दोन-अडीच तासांत जमलं. खरोखर जमतं का हो असं?" त्यांनी का विचारले ते आम्हाला ठाऊक होते. जोडीदार गमावलेली आणि पुन्हा घर मांडावे का, या विचारात असलेली माणसे आपल्या धर्मग्रामातही आहेत. त्या रात्री आम्ही काहीतरी हसून बोललो आणि दिवे बंद करायला गेलो. ते उत्तर नव्हते. म्हणून आज हा लेख.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बासू चटर्जी यांचा हा चित्रपट १९७८ सालचा. गोष्ट मुंबईच्या पारशी समाजातली. होमी मिस्त्री हे चार मुलगे असलेले विधुर गृहस्थ, ती भूमिका अशोककुमार यांनी केली. नर्गिस सेठना या दोन मुलगे आणि एक मुलगी असलेल्या विधवा, ते काम पर्ल पदमसी यांनी केले. (पुढच्याच वर्षी 'बातों बातों में'मध्ये वांद्र्याच्या कॅथलिक आई म्हणून याच बाई दिसल्या.) दोघे उतारवयाकडे झुकलेले. लग्न करतात आणि सात मुले एका छपराखाली येतात. मुलांचे आधी अजिबात पटत नाही, शेवटी पटते. रोहित शेट्टी यांचा २०१० सालचा 'गोलमाल ३' याच कल्पनेवर बेतलेला, पण त्यात धुडगूस फार आणि घर कमी, असे आमचे मत. युवक मंडळाचे मत वेगळे आहे.

या गोष्टीचे मूळ मात्र पारशी नाही. ते एका कॅथलिक घरातले आहे, आणि ते घर खरे होते. अमेरिकन नौदलातले फ्रँक बिअर्ड्स्ली यांची पत्नी आजाराने वारली, मागे दहा मुले. हेलन नॉर्थ यांचे पती नौदलाच्या विमान अपघातात गेले, मागे आठ मुले. १९६१ साली दोघांचे लग्न कॅलिफोर्नियातील कार्मेल येथील मिशन चर्चमध्ये झाले. संत हुनिपेरो सेरा यांची कबर आहे तेच हे चर्च. पुढे या दांपत्याला आणखी दोन मुले झाली आणि घरातली मुले वीस झाली. हेलनबाईंनी १९६५ साली या संसारावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ 'कोंबडीची तंगडी कुणाला?' असा होतो. वीस मुलांच्या घरात याहून मोठा प्रश्न तो कोणता! १९६८ साली त्यावर 'युवर्स, माइन अँड अवर्स' हा चित्रपट निघाला, हेन्री फोंडा आणि ल्युसिल बॉल यांचा. २००५ साली तो नव्याने काढला गेला.

या सर्व चित्रपटांत मुले अडथळा आणतात आणि तो अडथळा खोडकरपणाचा असतो. १९६८च्या चित्रपटात मोठे मुलगे पहिल्याच भेटीत होऊ घातलेल्या आईच्या पेल्यात गुपचूप कडक दारू मिसळतात. २००५च्या चित्रपटात मुले एकजूट करून आईबापांना वेगळे करण्याचा कट रचतात. आपण हसतो, कारण खोडी ही शेवटी मिटणारी गोष्ट आहे. पण खऱ्या घरातले मूल बहुधा खोडी काढत नाही. ते गप्प बसते. गेलेल्या आईची जागा कुणाला दिली तर आपण तिला फसवले, असे त्याला वाटत असते. हे त्याला शब्दांत सांगता येत नाही, आणि विनोदी चित्रपटात गप्प मूल फार वेळ दाखवता येत नाही.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या धर्मग्रामात असताना, आम्ही अशा एका जोडप्याचे लग्न लावले. मिस्सा संपल्यावर उत्साहाच्या भरात नवऱ्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला आम्ही म्हणालो, "आता ही तुझी नवी आई बरं का." ती शांतपणे म्हणाली, "फादर, मला आई आहे." आजूबाजूचे लोक ओशाळले. आम्हीही. चूक तिची नव्हती. मृतांच्या पुनरुत्थानावर दर रविवारी विश्वास प्रकट करायला आम्हीच तिला शिकवले होते, आणि तिची आई संपली असे तिला सांगणारेही आम्हीच होतो.

त्या नव्या आईने मात्र शहाणपण दाखवले. स्वतःला आई म्हणवून घेण्याचा आग्रह तिने धरला नाही, मुलगी तिला मावशी म्हणे. पहिल्या बाईंचा फोटो भिंतीवरून उतरवू दिला नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मुलीला घेऊन तीच कबरस्तानात जाई.

आपल्याकडे एक म्हण आहे, माय मरो पण मावशी जगो. पूर्वी विधुराचे लग्न पुष्कळदा मेहुणीशीच लावत, म्हणजे मुलांना परकी बाई नको. ख्रिस्तसभेत अशा लग्नाला पूर्वी खास सूट घ्यावी लागे. १९८३च्या कायद्यापासून ती अट राहिली नाही. भाषेची आणखी एक गंमत पाहा. 'सावत्र' हा शब्द सवतीच्या नात्यातून आला. विधुराच्या घरी आलेल्या बाईला सवत नसतेच, तरी शब्द तिला भांडणाचा वारसा देतो. तिच्या पायात ही बेडी पहिल्या दिवसापासून असते.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केला. ते विधुर होते, पहिल्या पत्नीपासूनचा मुलगा रघुनाथ घरात होता. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. आज आपल्यावर कुणी बहिष्कार घालत नाही, पण "या वयात कशाला?" हे तीन शब्द आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर ऐकले आहेत. संत पौलाने तर विधवेला पुन्हा विवाह करायची मोकळीक स्पष्ट दिली आहे (१ करिंथ ७:३९).

आता बिअर्ड्स्ली घराकडे पुन्हा येऊ, कारण ती गोष्ट चित्रपटाबरोबर संपली नाही. हेलनबाईंच्या पहिल्या संसारातील एका मुलाने २०१३ साली स्वतःचे पुस्तक काढले. आपल्या आठवणीतले ते घर पडद्यावरच्या घरासारखे मुळीच नव्हते, तिथे सावत्र वडिलांचा मारही होता, असे त्याने लिहिले. तोवर आई आणि सावत्र वडील दोघेही वारले होते. न्याय करणारे आम्ही कोण? पण १९६८च्या चित्रपटात वडील नौदलाच्या शिस्तीने मुलांना क्रमांक देतात, कोणी कोणती न्हाणी वापरायची ते ठरवून देतात, आणि आपण हसतो. त्या प्रसंगात मूल होऊन बसले तर ते हसू टिकते का, हा प्रश्न त्या पुस्तकाने आमच्यापुढे ठेवला. नियम लागतातच. मात्र नव्या बापाने पहिल्या महिन्यात नियम करायला घेऊ नयेत. मुलाला रागवायचे काम काही काळ ज्याचे त्याने करावे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलचे एक निरीक्षण वाचले होते. तो एक जुनी म्हण सांगतो, की एकत्र बसून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. परीक्षेत आम्ही ते मैत्रीवरच्या उत्तरात लिहिले आणि विसरलो. अशी घरे पाहिल्यावर ते पुन्हा आठवले. चिमूटभर मीठ रोज जेवणात पडते, मग मणभर व्हायला किती वर्षे लागतील याचा हिशेब करा. चित्रपटाला तेवढा वेळ नसतो.

आणि जागेचेही बघा. पडद्यावरच्या मोठ्या घराचे हसू येते, पण आंबेगाव किंवा संतोषनगरच्या वन बीएचकेमध्ये त्याचे दोन वयात आलेले मुलगे आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी कुठे झोपणार? ती रक्ताची भावंडे नाहीत. हा प्रश्न लग्नाआधी मोकळेपणाने बोलायचा असतो, लाजायचे नसते.

कायद्याच्या दोन गोष्टी, कारण त्या कुणी सांगत नाही. पहिली ख्रिस्तसभेची. कॅनन १०७१ नुसार, ज्याच्यावर आधीच्या नात्यातील मुलांची जबाबदारी आहे त्याचे लग्न, निकडीचा प्रसंग सोडल्यास, बिशपांच्या परवानगीशिवाय धर्मगुरूने लावू नये. म्हणजे मुलांचे काय, हे ख्रिस्तसभा आधी विचारते. दुसरी सरकारी. आपल्याला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू आहे. त्याच्या कलम ६९ प्रमाणे लग्न करताच आधी केलेले मृत्युपत्र रद्द होते. बायकोच्या पश्चात मुलांच्या नावे घर लिहून ठेवलेल्या गृहस्थाने पुन्हा लग्न केले, की तो कागद गेला. नवीन मृत्युपत्र न करता तो वारला तर एक तृतीयांश वाटा विधवेचा आणि दोन तृतीयांश त्याच्या स्वतःच्या मुलांचा. बायकोसोबत आलेल्या मुलांना त्याने रीतसर दत्तक घेतले नसेल, तर त्यांना काहीच नाही, मग त्याने त्यांना वीस वर्षे वाढवलेले का असेना. बंधुभाव टिकवायचा तर लग्नानंतर लगेच वकिलाकडे जाऊन नवे मृत्युपत्र करा.

त्या भगिनीला आमचे उत्तर असे की जमते. आम्ही जमलेले पाहिले आहे. ज्यांचा विचार असेल त्यांनी निदान तीन महिने आधी यावे, दिवंगत जोडीदाराचा मृत्यूचा दाखला आणि स्वतःचा बाप्तिस्म्याचा नवा दाखला घेऊन. मुलांनाही सोबत आणावे. त्यांच्याशी आम्ही वेगळे बोलू, आणि या वेळी कुणाची ओळख करून देण्याची घाई करणार नाही.