दीड लाखांचा वर्ग

विद्यापीठातील एखाद्या विषयाचा वर्ग कोणासही विनामूल्य खुला केला, तर त्यातून काय निष्पन्न होते? या प्रश्नाचे आकडेवारीसह उत्तर देणारा एक प्रयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटी, या संस्थेने २०१२ साली केला. मार्च ते जून या काळात ‘सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’ हा विषय इंटरनेटद्वारे शिकविण्यात आला. त्याचे प्रमुख अध्यापक प्रा. अनंत अगरवाल हे मूळचे मंगळूरचे व मद्रास आयआयटीचे पदवीधर होत. प्रवेशाची कोणतीही अट नव्हती. नावे नोंदविली १,५४,७६३ जणांनी.

पुढील आकडे मात्र झपाट्याने उतरत गेले. पहिल्या स्वाध्यायात किमान एक गुण मिळविणारे २६,३४९ निघाले. सहामाहीसारखी मधली परीक्षा उत्तीर्ण झाले ९,३१८, आणि चौदा आठवड्यांअखेर प्रमाणपत्र मिळाले ७,१५७ जणांना, म्हणजे शेकडा पाचांहूनही कमी. साक्षरता वर्गाचे हजेरीपट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही उतरंड अपरिचित वाटणार नाही. तथापि यास अपयश म्हणणे योग्य होणार नाही. एमआयटीत चाळीस वर्षांत हा विषय जितके विद्यार्थी घेतील, तितके येथे एका सत्रात उत्तीर्ण झाले, असा हिशेब प्रा. अगरवाल यांनी मांडला. नाव नोंदविणे विनामूल्य असले की कुतूहलापोटी डोकावणारेही पटावर येतात. तेव्हा नोंदणीचा आकडा हा यशाचा पुरावा नव्हे, तसाच गळतीचा आकडा हाही नापासीचा पुरावा नव्हे.

या वर्गाचा पुढे जो अभ्यास झाला, त्यातील एक निष्कर्ष विशेष लक्षणीय आहे. ज्या विद्यार्थ्यांनी संगणकाबाहेर, प्रत्यक्ष, एखाद्या सहाध्यायीसोबत वा विषयाच्या जाणकारासोबत बसून अभ्यास केला, त्यांचे गुण एकट्याने शिकणाऱ्यांपेक्षा सुमारे तीनांनी अधिक आढळले. तीन गुण थोडे खरे. परंतु सारा वर्ग यंत्रावर भरविल्यानंतरही शेजारी बसलेल्या माणसाचे मोल नाहीसे झाले नाही, ही गोष्ट थोडी नव्हे. शंकासमाधानासाठी मंडळावर चर्चेची सोय होती, पण तीत स्वतः लिहिणारे फारच थोडे होते.

अध्यापकांसाठीही एक धडा आहे. अशाच काही अभ्यासक्रमांतील चित्रफितींची २०१४ मध्ये पाहणी झाली, तेव्हा विद्यार्थ्याचे लक्ष सहा मिनिटांपलीकडे क्वचितच टिकते असे दिसून आले. छापील मजकुराच्या पाट्या वाचून दाखविण्यापेक्षा हाताने आकृती काढीत, लिहीत शिकविलेले अधिक पाहिले गेले. खडू-फळ्याचा हा एक प्रकारे गौरवच म्हणावा लागेल!

याच्या उलट अनुभव कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठास २०१३ मध्ये आला. प्राथमिक बीजगणितासारखे विषय तेथे इंटरनेटवर शिकविले गेले. विद्यार्थ्यांत पूर्वी त्याच विषयात अनुत्तीर्ण झालेले होते, शाळकरी मुले होती, आणि काहींच्या घरी संगणकाची धड सोयही नव्हती. निकाल नेहमीच्या वर्गांहून खालावले व त्याच वर्षी जुलैमध्ये प्रयोग थांबविण्यात आला. ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज, त्यांनाच एकटे सोडले गेले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपल्याकडे नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ च्या स्थापनेपासून अभ्यासकेंद्रांची पद्धत स्वीकारली, ती याच गरजेतून. आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल उपक्रमातही महाविद्यालयांतून स्थानिक शाखा व मार्गदर्शक अध्यापक नेमले जातात. ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘स्वयम्’ मंचावर हे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत विषय या मार्गाने पूर्ण करण्यास विद्यापीठे मुभा देऊ शकतात.

गावच्या वाचनालयात वा शाळेत एखादा संगणक असल्यास तो एकेकट्यास तासावारी देण्याऐवजी एकाच अभ्यासक्रमास बसलेल्या दोघातिघांना एकत्र द्यावा, आणि विषय येणाऱ्या शिक्षकाने आठवड्यातून एकदा तेथे बसावे. अभ्यासक्रम ठराविक तारखेस सुरू होतो व स्वाध्यायांनाही मुदत असते, म्हणून नावे एकाच वेळी नोंदविणे इष्ट. शुल्क भरावे लागते ते परीक्षेस बसावयाचे असल्यासच.