रोमन अंक व संख्यांचे अवयव

एका वर्षीं सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या सभेंत कोणतें स्तोत्र वाचावयाचें, हें एका स्नेह्यानें आम्हांस चिठ्ठीवर लिहून पाठविलें होतें. आंकडा रोमन अक्षरांत होता. आधीं एक्स, मग एल. आम्हीं घाईनें दोहोंची बेरीज केली व ६० वें स्तोत्र उघडलें. देवानें आपल्या लोकांस टाकून दिलें, अशा विलापानें तें सुरू होतें. धान्याच्या राशी पुढें ठेवून बसलेली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागली! हवें होतें तें ४० वें. धीरानें वाट पाहणाऱ्याची आरोळी ऐकिली गेली, असा आनंद त्यांत आहे. त्या फजितीनंतर आम्ही हे अंक नीट शिकलों. वाचकांनीं ते फजितीवांचून शिकावे.

मूळ अक्षरें सातच आहेत: आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० व एम १०००. मोठ्या अक्षराच्या उजवीकडे लहान आलें तर तें मिळवावें, डावीकडे आलें तर वजा करावें. म्हणून एक्स-एल हे ४० आणि एल-एक्स हे ६०. परंतु वजाबाकीस मर्यादा आहे. आय हें केवळ व्ही व एक्स यांच्या आधीं येतें, एक्स हें एल व सी यांच्या आधीं, आणि सी हें डी व एम यांच्या आधीं. यास्तव ९९ हे आय-सी असे लिहूं नयेत. ९० चें एक्स-सी व ९ चें आय-एक्स जोडून एक्स-सी-आय-एक्स असे लिहावे. एकच अक्षर लागोपाठ तिनांहून अधिक वेळां लिहीत नाहींत. पुष्कळ घड्याळांच्या तबकडीवर मात्र ४ साठीं चार आय काढलेले दिसतात. तेवढें चालवून घ्यावें.

मुंबईस अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडिया आहे. पंचम जॉर्ज बादशहा व मेरी राणी हीं हिंदुस्थानांत २ डिसेंबर रोजीं उतरलीं, असें तीवर कोरलेलें असून साल एम-सी-एम-एक्स-आय असें आहे. फोड करूं: एम १०००, सी-एम ९००, एक्स १०, आय १, म्हणजे १९११. हें इमारतीचें साल असें कित्येक समजतात, पण ती कमान १९२४ सालीं खुली झाली.

ह्याच १९११ चे अवयव काढूं. संख्या विषम आहे, म्हणून २ नें भाग जात नाहीं. अंकांची बेरीज १२; तीस ३ नें भाग जातो, म्हणून संख्येसही जातो, व ६३७ येतात. त्यांस ७ नें भागितां ९१. येथें पुष्कळ मुलें थांबतात, कारण ९१ ही मूळ संख्या आहेसें वाटतें. परंतु सात तेरे एक्याण्णव! तेव्हां १९११ म्हणजे ३ × ७ × ७ × १३. आतां सर्व अवयव किती? ३ घ्यावा किंवा न घ्यावा, ह्या २ रीती. ७ एकदांही न घ्यावा, एकदां घ्यावा किंवा दोनदां, ह्या ३. आणि १३ च्या २. गुणाकार १२. ते असे: १, ३, ७, १३, २१, ३९, ४९, ९१, १४७, २७३, ६३७, १९११.

अंकांची बेरीज करून ३ चा भाग ओळखण्याची ही युक्ति रोमन अक्षरांत चालत नाहीं. त्यांत शून्य नाहीं, आणि एकं, दहं, शतं अशीं स्थानेंही नाहींत. ही स्थानांची रीत आपल्याच देशांतली. पिसा येथील लिओनार्दो यानें १२०२ सालच्या आपल्या ग्रंथांत ती युरोपियनांस समजावून दिली. रोमन आंकडे दगडावर शोभतात खरे, पण वाण्याच्या वहींत ते काय कामाचे?

अभ्यासासाठीं दोन संख्या देतों. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायांत जाळ्यांत सांपडलेले मासे १५३ होते. आणि आपला देश स्वतंत्र झाला तें साल १९४७. दोन्ही रोमन अक्षरांत लिहावे व त्यांचे मूळ अवयव काढावे. पहिल्याचा सर्वांत मोठा मूळ अवयव १७ व दुसऱ्याचा ५९ आला, तर रीत बरोबर साधली असें समजावें.