जॅक सारखा, तार वेगळी

प्रश्न : बास अँप स्पीकर कॅबिनेटला जोडायला गिटारची केबल चालेल का? दोन्हीकडे पाव इंची जॅकच आहे.

उत्तर : नाही. जॅक बसला म्हणजे केबल योग्य, असं नसतं. गिटारचा सिग्नल जेमतेम व्होल्टभराचा, करंट नगण्य. म्हणून तिच्या केबलमध्ये मधोमध बारीक तार आणि भोवती जाळीचं शील्ड असतं. उलट ४ ओहमच्या कॅबिनेटला ३०० वॅट देताना साडेआठ अँपिअरहून जास्त करंट वाहतो. बारीक तारेत त्यातली ताकद उष्णतेत वाया जाते, आणि इन्सुलेशन मऊ पडून शॉर्टही होऊ शकतं. स्पीकर केबलच्या जॅकचं टोपण उघडून पाहा, सारख्या जाडीच्या दोन तारा दिसतील. दीड-दोन मीटरसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. अंतर वाढलं तर २.५ ची घ्या.

स्पीकर केबलला शील्ड नसल्यामुळे गुणगुण येईल, ही शंका रास्त आहे. पण इथे सिग्नल मोठा आणि रोध अगदी कमी, त्यामुळे ती ऐकू येण्याइतकी शिरतच नाही. ‘माझी गिटारची केबल तर वर्षभर चालली’ असंही लोक सांगतात. हळू आवाजात चालतेही. खरी परीक्षा मोठ्या आवाजात होते. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये तर वाजवताना जोडणी तुटली की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सोय असेल तर जॅकऐवजी स्पीकॉन कनेक्टरच घ्या: फिरवला की खटकन बसतो, ओढ बसली तरी निसटत नाही.